वर्षअखेरची परीक्षा आणि बक्षीस समारंभ : प्राथमिक शाळेच्या ‘यशा’चा इतिहास

प्रस्तावना

वार्षिक परीक्षा, निकाल, प्रगतिपुस्तक, स्नेहसंमेलन आणि बक्षीस समारंभ यांवाचून प्राथमिक शाळेचे वर्ष संपते अशी कल्पनाही आपल्याला करता येत नाही. तुम्ही केरळात शिकला असाल, आसामात किंवा विदर्भात. भाषा वेगळी असेल, पण हा क्रम तुमच्या परिचयाचा असेल. म्हणूनच तो नैसर्गिक वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र नैसर्गिक वाटणाऱ्या गोष्टीकडे अधिक सावधपणे पाहावे. वर्षअखेरीस मुलांची परीक्षा घेऊन त्यांचे यश लोकांपुढे मांडण्याची ही पद्धत भारतात साधारण दोनशे वर्षांत रुजली. ती का आली, कोणाच्या सोयीसाठी आली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे या पाठात पाहू. वाचताना एक प्रश्न सतत जवळ ठेवा : वर्षअखेरीस जे ‘यश’ दाखवले जाते ते नेमके कोणाचे असते? मुलाचे, शिक्षकाचे, की शाळेला पैसा देणाऱ्याचे?

१. परीक्षेविना प्रगती

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. बंगालमध्ये पाठशाळा, तमिळ प्रदेशात घराच्या ओट्यावर भरणाऱ्या तिण्णै शाळा, महाराष्ट्रात ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या शाळा असे त्यांचे स्वरूप होते. १८२२ मध्ये मद्रास इलाख्याचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी अशा शाळांची माहिती मागवली. विल्यम ॲडम यांनी १८३५ ते १८३८ या काळात बंगाल व बिहारमधील शाळांवर तीन अहवाल लिहिले. या शाळांचा अभ्यास करताना आजही त्यांचा आधार घ्यावा लागतो.

या शाळांत इयत्ता नव्हत्या, म्हणून वार्षिक परीक्षाही नव्हती. मूल ज्या दिवशी येई त्या दिवशी त्याचे वर्ष सुरू होई. मग प्रगती कशी कळे? ॲडम यांच्या वर्णनातून याचे सुंदर उत्तर मिळते. बंगालमधील मूल आधी जमिनीवर काडीने अक्षरे गिरवी, मग ताडपत्रावर लिही, त्यानंतर केळीच्या पानावर आणि शेवटी कागदावर. मूल कशावर लिहिते यावरून ते कुठवर आले हे गावाला दिसे. पायरी वाढली की गुरूचे वेतनही वाढे; शिवाय शिधा व वस्त्र मिळे. महाराष्ट्रातही धूळपाटी, बाराखडी, पावकी-निमकीची उजळणी, मोडी वाचन आणि हिशेब अशा पायऱ्या होत्या.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची घाई करू नका. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले बहुतेक शाळांच्या दाराबाहेर होती, आणि शिक्षाही कठोर असत. आपल्या विषयापुरता मुद्दा एवढाच : मुलाच्या प्रगतीचा हिशेब पालक आणि गुरू यांच्यामध्येच राही. तिसऱ्या कोणाला तो दाखवण्याची गरज नव्हती.

२. जाहीर परीक्षा : देणगीदारांपुढे पुरावा

ही गरज संस्था आल्यावर निर्माण झाली. मद्रासमधील एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली. वाळूवर अक्षरे काढणे त्यांनी तिथल्याच देशी शाळेत पाहिले होते. १७९७ मध्ये त्यांचा वृत्तांत लंडनला प्रसिद्ध झाला. त्यानंतर जोसेफ लँकेस्टर यांनी इंग्लंडमध्ये अशाच शाळांत बिल्ले आणि बक्षिसे यांची मोठी व्यवस्था उभी केली. शेकडो मुले, थोडे शिक्षक आणि वर्गणीवर चालणारी संस्था असली की यश डोळ्यांना दिसावे लागते.

भारतातही तसेच झाले. १८१८ च्या कलकत्ता स्कूल सोसायटीच्या मुलांच्या परीक्षा राधाकांत देव यांच्या शोभाबाजार येथील घरी होत. मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनेही जाहीर परीक्षांची पद्धत ठेवली. पाहुणे बसत, मुलांना सर्वांसमक्ष प्रश्न विचारले जात, मग बक्षिसे वाटली जात. परीक्षा आणि समारंभ तेव्हा एकच होते.

अशा समारंभाला पुण्यात फार मोठा अर्थ आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली आणि १८५१ पासून हे काम वाढवले. फेब्रुवारी १८५२ मध्ये या मुलींची परीक्षा झाली. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी पूना कॉलेजात दुसरी जाहीर परीक्षा झाली, तेव्हा तीन शाळांत मिळून २३७ मुली होत्या आणि ती पाहायला हजारो लोक लोटले. ‘मुलींना विद्या येत नाही, येऊ नये’ असे मानणाऱ्या शहरात मुलगी सर्वांसमोर वाचते, उत्तर देते, हाच त्या मताला दिलेला जवाब होता. इथे जाहीर परीक्षा देणगीदाराला खूश करण्याचे साधन राहिली नाही; ती सामाजिक युक्तिवाद बनली.

याच शाळांविषयी एक आठवण चरित्रांतून सांगितली जाते : बक्षीस घेताना एका मुलीने खेळणी नकोत, शाळेला ग्रंथालय द्या, असे म्हटले. अशी आठवण वाचताना ती मूळ कोणत्या साधनात आहे हे शोधण्याची सवय लावून घ्या. आपल्या हाती भक्कम असलेले साधन मात्र याहून मोलाचे आहे. फुल्यांच्या शाळेतील मातंग समाजातील मुक्ता साळवे या किशोरवयीन विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापला गेला. शाळेच्या यशाची नोंद सहसा मोठी माणसे करतात. इथे विद्यार्थिनी स्वतः बोलते, आणि बोलते ती शाळेबद्दल नव्हे तर समाजाबद्दल.

३. ‘दिपोटी’ आणि निकालाप्रमाणे पैसा

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षणखाती उभी राहिली. खासगी शाळांना अनुदान द्यायचे आणि त्यासाठी तपासणी करायची, असे सूत्र ठरले. मराठी मुलुखात तपासायला येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरला लोक ‘दिपोटी’ म्हणू लागले. वर्षाचा सर्वांत महत्त्वाचा दिवस म्हणजे दिपोटी येण्याचा दिवस, अशी समजूत खेड्यापाड्यांत पक्की झाली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ ची सुधारित संहिता लागू झाली. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे शाळेला जास्तीत जास्त १२ शिलिंग मिळत : ४ हजेरीचे आणि ८ परीक्षेचे. वाचन, लेखन, गणित यांपैकी एकेका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. आजारी मुलांना परीक्षेला आणल्याच्या आणि वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून घेतल्याच्या तक्रारी झाल्या. कवी आणि शाळा तपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नल्ड यांनी या यांत्रिकपणावर कडक टीका केली.

निकालाप्रमाणे अनुदान ही कल्पना १८६० च्या दशकात मद्रास आणि मुंबई इलाख्यांतही आली. तिचे कार्य कसे चालते ते समजून घ्या. सरकारला खर्चाचा हिशेब हवा होता आणि शिक्षकाच्या कामाचे मोजमाप सोपे हवे होते. पण मोजमापाला पैसा जोडला की मोजले जाते तेवढेच शिकवले जाते. हमखास पास होणारे मूल म्हणजे उत्पन्न आणि कच्चे मूल म्हणजे तोटा असे गणित शिक्षकापुढे उभे राहते. त्यात शिक्षकाचा स्वभाव दोषी नसतो. व्यवस्थाच त्याला तिकडे ढकलते.

४. फुले यांची सूचना

१८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला. प्राथमिक शाळांसाठी निकालाप्रमाणे अनुदानाचा वापर करावा अशी शिफारस या आयोगाने केली. याच आयोगाला जोतीरावांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या करातून सरकारचे उत्पन्न येते, पण शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गाकडे जातो, हा त्यांचा मुख्य आक्षेप तुम्हाला माहीत असेल. तपासणीबद्दलची सूचना मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. दिपोटीच्या वर्षातून एका भेटीने काही साधत नाही, शाळा निदान दर तिमाहीला तपासाव्यात आणि आगाऊ सूचना न देता भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचवले.

तीस वर्षांपूर्वी स्वतः जाहीर परीक्षा भरवणारा माणूस हे सांगतो, यात विसंगती नाही. १८५३ मध्ये मुलींची क्षमता जगाला दाखवायची होती. त्यासाठी एक दिवस पुरेसा होता. १८८२ मध्ये खेड्यातले मूल रोज काय शिकते हे पाहायचे होते. त्यासाठी सजवलेला एक दिवस निरुपयोगी, किंबहुना फसवा होता.

लॉर्ड कर्झन यांच्या काळातील ११ मार्च १९०४ च्या सरकारी ठरावाने परीक्षांच्या अतिरेकावर टीका केली आणि निकालाप्रमाणे अनुदानाची पद्धत सोडून देण्याचे धोरण जाहीर केले.

५. शंभरातले अठरा

पैशाचा दुवा तुटला, तरी वार्षिक पास-नापास राहिले. १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालातील एक आकडा पाहा. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये केवळ १८ चौथीत होती. बाकीची शाळेतून गळली होती किंवा खालच्या इयत्तेत साचली होती. बक्षीस समारंभात नावे पुकारली जात ती उरलेल्यांची. गेलेल्या मुलांची यादी कोणी वाचत नसे. गरिबी, शेतीची कामे, रोगराई, एकशिक्षकी शाळा, अशी कारणे अनेक होती; पण नापासाचा शिक्का हा मूल शाळेतून काढायला पालकाला मिळालेला शेवटचा पुरावा ठरे.

६. बक्षिसांना नकार

याच काळात या पद्धतीला आतून आव्हान मिळाले. भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांनी शिक्षेइतकेच स्पर्धा आणि बक्षिसांनाही नाकारले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकात एक शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो. मराठी वाचकांना हा धागा जवळचा आहे, कारण गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले.

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने पायाभूत शिक्षणाचा आराखडा मांडला. प्रचलित परीक्षांवर तिची टीका तीव्र होती. वरच्या वर्गात पाठवण्याचा निर्णय शिक्षकांनी घ्यावा आणि शाळांचे काम निवडक मुलांच्या नमुना पाहणीने तपासावे, असे तिने सुचवले. म्हणजे शाळेची तपासणी आणि मुलाचे भवितव्य यांची गाठ सोडवण्याचा हा प्रयत्न होता.

७. स्वातंत्र्यानंतर

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली ते चौथी हा सलग टप्पा मानावा असे सुचवले. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली आणि सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापनाची अपेक्षा ठेवली. मुले वरच्या वर्गात जातात पण वाचता येत नाही, अशी तक्रार वाढली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नियमित परीक्षा, नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि त्यानंतरही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली. निर्णय राज्यांवर सोपवला. त्यामुळे तुमच्या राज्यातील नियम शेजारच्या राज्याहून वेगळा असू शकतो.

या वादात दोन्ही बाजूंना खऱ्या काळज्या आहेत. शिकल्यावाचून पुढे ढकललेल्या मुलाची फसवणूक होते. आणि शाळेच्या अपयशाची शिक्षा म्हणून मागे ठेवलेल्या मुलाचीही होते.

समारोप

दोनशे वर्षांच्या या प्रवासात वर्षअखेरच्या परीक्षेने तीन कामे केली : देणाऱ्याला हिशेब दिला, समाजाला पुरावा दिला आणि मुलांची चाळणी केली. दुसऱ्या कामामुळे पुण्यातील २३७ मुली इतिहासात आल्या. तिसऱ्यामुळे शंभरातली ब्याऐंशी मुले चौथीच्या वर्गात दिसली नाहीत. एखाद्या शाळेचा वार्षिक अहवाल हाती आला की बक्षिसांची यादी जरूर वाचा. पण वर्षाच्या आरंभीची पटसंख्या आणि अखेरची पटसंख्या शेजारी शेजारी मांडा. या दोन आकड्यांतील फरकात त्या शाळेचा उरलेला इतिहास असतो.

स्वाध्याय

१. देशी शाळांतील प्रगतीच्या पायऱ्या आणि इयत्तांची पद्धत यांतील फरक स्पष्ट करा.
२. १८५३ ची जाहीर परीक्षा आणि १८८२ चे निवेदन यांतून फुले यांची भूमिका कशी उलगडते?
३. निकालाप्रमाणे अनुदान दिल्याने शिक्षकाच्या वर्तनावर कोणता परिणाम होतो?
४. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे हजेरीपट किंवा वार्षिक अहवाल पाहायला मिळाल्यास, मुलगे, मुली आणि जात यांच्या नोंदींवरून कोण टिकले व कोण गळले याचे टिपण तयार करा.