चकमकीचा सौदा

पास्काच्या आदल्या रात्री चर्चच्या प्रांगणात नवा अग्नी पेटतो, तेव्हा तो कशाने पेटवला याकडे आपल्यापैकी फारसे कुणी पाहत नाही. बहुधा ते काम काडेपेटीच करते. १९५५ पूर्वीच्या रोमन विधीत मात्र हा अग्नी चर्चबाहेर गारगोटीतून काढावा, असे सांगितलेले होते. गारगोटी, पोलाद आणि ठिणगी झेलणारा सावरीचा कापूस ही त्रयी आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीलाही असे. आज आम्ही वाचकांना ज्या चकमकीची हकिगत सांगणार आहोत, ती मात्र आपल्या किनाऱ्यापासून फार दूरची, सतराव्या शतकातील कॅनडाची आहे.

चकमकीचे पोलाद ही दिसायला क्षुद्र वस्तू. लोहाराने पोलादाची पट्टी तापवून तिची टोके वळवायची आणि ती पाण्यात विझवून कडक करायची, की झाले. साध्या मऊ लोखंडाचा येथे उपयोग नाही. गारेच्या धारेने कडक पोलादाचा बारीकसा कण खरवडला जातो, घर्षणाने तापतो आणि हवेत जळतो. ठिणगी म्हणतात ती हीच. अशी पोलादे, सुऱ्या, कुऱ्हाडी, पितळी हंडे, आऱ्या, मासे धरण्याचे गळ आणि घोंगड्या घेऊन फ्रेंच व्यापारी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी येत आणि त्या बदल्यात बीव्हरची कातडी नेत. बीव्हर हा झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारा प्राणी. त्याच्या आखूड, मऊ लोकरीपासून युरोपात उंची टोप्यांचे नमदे बनत.

या व्यवहाराचे अगदी जवळून पाहिलेले वर्णन व्यापाऱ्यांच्या वह्यांपेक्षा येशूसंघीय धर्मगुरूंच्या वार्षिक वृत्तांतांत अधिक जिवंतपणे सापडते. गोव्याहून येणारी पत्रे युरोपात जशी आवडीने वाचली जात, तसेच १६३२ ते १६७३ या काळात पॅरिसमध्ये दरसाल छापले गेलेले हे कॅनडाचे वृत्तांतही वाचले जात. फादर पॉल ल जन यांनी १६३३-३४ चा हिवाळा मोंतान्ये लोकांच्या एका टोळीबरोबर बर्फात भटकत काढला. हे लोक आज स्वतःला इन्नू म्हणवतात. झोपडीतल्या धुराने फादरांचे डोळे जात, उपासमार होई, आणि त्यातच ते यजमानांच्या हातांकडे बारकाईने पाहत. यजमान धातूचा अंश असलेले दोन दगड एकमेकांवर आपटत. ठिणगी झेलायला गरुडाच्या मांडीचे लवदार वाळके कातडे असे. मग कुजून सुकलेल्या लाकडात विस्तव धरून ठेवायचा, सीडरच्या सालीच्या भुग्यावर घालायचा आणि हळूहळू फुंकर मारायची.

फादरांनी आपल्याबरोबर फ्रान्सची वात आणि गंधक लावलेल्या पाच-सहा काड्या नेल्या होत्या. ठिणगीवर धरताच त्या भुर्रकन पेटत, आणि ही सोय पाहून मंडळी थक्क झाली. अडचण एवढीच, की काड्या लवकर संपल्या! फादरांनी हे स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. यजमानांचे दगड मात्र हिवाळाभर पुरले. आम्हांला हा प्रसंग साऱ्या कहाणीची किल्ली वाटतो.

सौद्यात कोण फसले, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. ल जन यांच्या यजमानाने एकदा हातातली देखणी सुरी दाखवून थट्टा केली, की इंग्रजांना अक्कल म्हणून नाही, एका बीव्हरच्या कातड्यासाठी ते असल्या वीस सुऱ्या देतात. बीव्हर हाच आमचा कारागीर, हंडे-कुऱ्हाडी तोच घडवतो, असेही तो गमतीने म्हणे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. व्यापाऱ्याला सर्वांत आवडे ते वर्ष-दोन वर्षे अंगावर वापरलेले, घामा-तेलाने मळलेले कातडे, कारण वापराने त्यावरचे राठ केस झडून नमद्याची लोकर तेवढी उरलेली असे. आपला जुना कपडा देऊन नवी सुरी मिळत असेल, तर शहाणा कोण आणि वेडा कोण?

धर्मगुरूंनीही या वस्तूंचे मोल ओळखले होते. क्वेबेकहून वेंडाट लोकांच्या प्रदेशात जायचे म्हणजे झाडाच्या सालीच्या होडीतून सुमारे महिनाभराचा प्रवास. फ्रेंच या लोकांना हुरोन म्हणत. फादर जाँ द ब्रेबफ यांनी १६३४ च्या आपल्या प्रवासात ३५ वेळा होड्या-सामान खांद्यावरून वाहिल्याची आणि किमान ५० वेळा होड्या ओढत नेल्याची नोंद केली आहे. पुढे येणाऱ्या धर्मबंधूंसाठी त्यांनी १६३७ साली सूचना लिहिल्या. त्यांत धर्मतत्त्वे थोडी आणि व्यवहार फार: होडीत वाळू-पाणी आणू नका, वल्हेकऱ्यांना खोळंबून ठेवू नका, मिळेल ते खा. वाटेत मासे विकत घेण्यासाठी आऱ्या, लहान घडीचे चाकू आणि गळ जवळ ठेवा. आणि प्रत्येकाने चकमक किंवा सूर्याची किरणे एकवटून विस्तव काढणारा आरसा बाळगावा, म्हणजे दिवसा सोबत्यांच्या चिलमीला आणि रात्री मुक्कामाच्या शेकोटीला विस्तव देता येईल. अशा लहानशा सेवेने माणसांची मने जिंकली जातात, असे त्यांचे सांगणे. पुढे हुतात्मा झालेल्या संताने चिलमीच्या विस्तवाचा विचार करावा, याचे आम्हांला कौतुक वाटते.

तथापि येथेच थांबलो, तर ते अर्धसत्य होईल. धर्मगुरू आणि माल एकाच होडीतून येत. फ्रेंचांशी व्यापार हवा असेल, तर धर्मगुरूंना गावात ठेवून घ्यावे लागे, ही अट वेंडाट प्रमुखांना ठाऊक होती. १६४१ पासून बंदुका मिळू लागल्या त्या स्नानसंस्कार घेतलेल्यांनाच. श्रद्धेची अशी किंमत ठरली, तर आलेल्यांपैकी कोण प्रभूसाठी आले आणि कोण बंदुकीसाठी, हे कसे ओळखावे? शिवाय या येण्याजाण्यातून कुणालाही नको असलेली गोष्ट आली. १६३४ ते १६४० या काळात देवीसह एकामागून एक साथी आल्या आणि वेंडाट लोकसंख्या निम्म्यावर आली. काळे झगे घातलेले हे लोकच चेटूक करतात, अशी त्यांची समजूत झाली. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा त्यांनाही नव्हते आणि फादरांनाही नव्हते. तरी त्या समजुतीला हसावे, असे आम्हांला वाटत नाही.

इकडे बीव्हर संपत चालला होता. ज्याच्या जोरावर सुऱ्या आणि चकमकी येत, तो कारागीरच नाहीसा होऊ लागला, तशी शिकारीच्या प्रदेशांसाठी आणि व्यापाराच्या वाटांसाठी लढाई पेटली. इराक्वा लोकांना डच व्यापाऱ्यांकडून बंदुका मिळत होत्या. मार्च १६४९ मध्ये त्यांनी वेंडाट गावांवर हल्ला केला. फादर ब्रेबफ आणि फादर गाब्रिएल लालमाँ यांना पकडून हालहाल करून मारण्यात आले. १९३० साली ख्रिस्तसभेने त्यांना सहा सोबत्यांसह संतपद दिले.

वेंडाट प्रदेशातील सेंट मारी हे येशूसंघीयांचे मुख्य ठाणे १६३९ साली वसले होते. तेथे चर्च होते, रुग्णालय होते, शेती होती आणि लोहाराचा भाताही होता. ते शत्रूच्या हाती पडू नये म्हणून १६४९ सालीच फादरांनी स्वतःच्या हाताने त्याला आग लावली. दहा वर्षांचे काम तासाभराच्या आत जळून गेले, आणि ते आपल्या लोकांबरोबर जवळच्या एका बेटावर गेले. त्या हिवाळ्यात भुकेने शेकडो माणसे मेली. १६५० साली सुमारे तीनशे वेंडाट ख्रिस्ती धर्मगुरूंबरोबर क्वेबेकला पोहोचले. त्यांचे वंशज आजही त्या शहराजवळ वेंडाके येथे राहतात. सेंट मारीच्या जळक्या जागेवर विसाव्या शतकात उत्खनन झाले, तेव्हा लोहारकामाची जागाही पुन्हा उजेडात आली.