सोलापूरचे माग आणि मोजणीच्या पद्धती

एखाद्या धंद्याचा अभ्यास कोणत्या पद्धतीने करायचा हे अभ्यासक ठरवतो तेव्हा त्या धंद्यातले कोण दिसणार आणि कोण सुटणार हेही बऱ्याच अंशी ठरून जाते. सोलापूरचे विणकाम हे याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. हातमाग, कापडगिरणी आणि यंत्रमाग हे तिन्ही प्रकार या एका शहरात शेजारीशेजारी नांदले. सुमारे एकशे चाळीस वर्षांत सरकारी अधिकारी, अर्थशास्त्रज्ञ, चौकशी समित्या, न्यायालये आणि इतिहासकार या सगळ्यांनी हा धंदा आपापल्या गरजेप्रमाणे तपासला. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता, म्हणून प्रत्येकाचे सोलापूरही वेगळे निघाले.

सुरुवात गॅझेटियरने होते. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतला सोलापूरचा विसावा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. यातली पद्धत कचेरीची होती. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांनी माहिती जमवायची, टिपणे वर पाठवायची आणि संपादकाने ती एका साच्यात बसवायची. विणकऱ्यांची माहिती जातवार दिली आहे. पोशाख, खाणेपिणे, लग्नविधी, देवदैवते हे सारे सविस्तर आणि धंद्याचा हिशेब त्या मानाने त्रोटक. राज्यकर्त्यांना जिल्हा ओळखून घ्यायचा होता, धंदा वाढवायचा नव्हता. तेव्हा ‘जात’ हेच परिमाण त्यांना सोयीचे वाटले यात नवल नाही. त्यानंतर १८९७ मध्ये आर. ई. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील सुती कापडावरचे टिपण निघाले. त्यात कापडाचे प्रकार, सूत, रंग आणि विणण्याची रीत यांना महत्त्व आले. माणसाकडून मालाकडे नजर वळली, तरी विणकऱ्याच्या पदरात किती पडते हा प्रश्न अजून कोणी नीट विचारला नव्हता.

दरम्यान शहर बदलत होते. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७४ मध्ये स्थापन झाली आणि १८७७ पासून तिचे काम सुरू झाले. पुढे नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर कुटुंबांनी शहराचा पूर्व भाग भरून टाकला. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, मजुरीवरून तंटे वाढले आणि सरकारला गिरणी कामगारांच्या पोटाचा हिशेब करावा लागला. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस काढले. या कचेरीने १९२५ मध्ये सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कुटुंबखर्चाची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२८ मध्ये छापला.

कुटुंबखर्चाची पाहणी ही त्या काळातली नवी पद्धत होती. काही कुटुंबे निवडायची, महिन्याला ज्वारी किती, डाळ किती, सरपण, कापड, घरभाडे, सावकाराचे व्याज यांवर किती खर्च होतो ते टिपायचे आणि त्यातून एकूण खर्चातले प्रत्येक वस्तूचे वजन ठरवायचे. हे वजन वापरून पुढे राहणीमान खर्चाचा निर्देशांक काढता येतो. सोलापूरच्या निर्देशांकासाठी फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हा काळ पायाभूत धरला गेला. मुंबईच्या आकड्यांवरून सोलापूरचा अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरे होते, कारण ज्वारी खाणाऱ्या शहराला भाताच्या भावाचा फारसा उपयोग नसतो. मात्र पाहणी गिरणी कामगारांपुरती होती. हातमागावर बसणारा विणकर तिच्यात मुळातच नव्हता, कारण त्याच्या मजुरीचा तंटा सरकारदरबारी पोचत नव्हता. संपाची भीती जिथे होती तिथेच पाहणी गेली.

हातमागाकडे लक्ष गेले ते तिसाव्या दशकात. एस. व्ही. तेलंग यांचा मुंबई इलाख्यातील हातमाग धंद्यावरचा अहवाल १९३२ चा. पण पद्धतीच्या दृष्टीने खरे वळण पुण्यातून आले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गाडगीळांचा आग्रह प्रत्यक्ष पाहणीवर होता. पुण्यातल्या फळांच्या बाजारावरचा १९३३ चा अभ्यास असो की वाई तालुक्यातल्या शेतीचा १९४० चा, आधी माहिती जागेवर जाऊन गोळा करायची आणि मग सिद्धान्ताकडे वळायचे, असा या संस्थेचा शिरस्ता पडला. याच परंपरेत एन. एम. जोशी यांचे दख्खनमधील नागरी हस्तोद्योगांवरचे पुस्तक १९३६ मध्ये आले (कामगारपुढारी ना. म. जोशी ते वेगळे). पुढे आर. जी. काकडे यांची सोलापूरच्या विणकर समाजांची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४७ मध्ये संस्थेने प्रसिद्ध केली.

जोशींनी अनेक शहरांतले अनेक धंदे घेतले, काकडेंनी एकच शहर आणि एकच धंदा घेतला. दोन्ही निवडींना किंमत मोजावी लागते. पसरट अभ्यासात तुलना करता येते, पण गल्लीबोळ निसटतात. एकाच जागी खोल गेले तर गल्लीबोळ सापडतात, पण इथे जे आढळले ते मालेगावला किंवा इचलकरंजीला लागू आहे की नाही ते कळत नाही. काकडेंच्या अभ्यासात ‘समाज’ हे एकक आहे. गॅझेटियरमध्येही तो होता, पण तिथे तो शोभेचा होता. आता त्याच्याभोवती कर्ज, शिक्षण, घर आणि कमाई यांचे प्रश्न गुंफले गेले.

अशा पाहणीत काय अडचणी येतात हे एका हातमाग कारखान्याच्या दारात उभे राहिले की कळते. दहा-बारा खड्डामाग, मालक एक, मागावर बसणारे दुसरेच. प्रश्नावलीत ‘मागाचा मालक कोण’ असा रकाना असतो. पण माग एकाचा, सूत सावकाराचे आणि विणकर तुकड्यावर मजुरी घेणारा, अशी तीन पदरी व्यवस्था असेल तर त्या रकान्यात काय लिहायचे? मजुरी विचारली तर विणकर लुगड्यामागचा दर सांगतो. महिन्याची कमाई सांगत नाही, कारण ती त्यालाच ठाऊक नसते. मालकाच्या वहीत मजुरी आहे, पण तिच्यातून उचल वळती झालेली आहे. वहीतला आकडा आणि हातात पडलेला पैसा यांत जे अंतर असते तेच त्या धंद्याचे मर्म, आणि नेमके तेच एका ओळीच्या उत्तरात मावत नाही.

घरातल्या कामाची गोष्ट याहून अवघड आहे. कांड्या भरणे, सूत उकलणे, ताण्याची तयारी ही कामे बायका आणि मुले करतात. या कामांची वेगळी मजुरी बहुधा नसते, ती पुरुषाच्या मजुरीतच धरलेली असते. पाहणी करणाऱ्याने ‘काम करणारे किती’ असे विचारले आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने ‘एक’ म्हणून सांगितले की तीन माणसांचे श्रम कागदावरून नाहीसे होतात. ‘घरात दिवसभरात कोण काय करते’ असे विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते.

पाहणी कोणत्या महिन्यात केली यालाही महत्त्व आहे. लगीनसराईच्या आधी लुगड्यांना मागणी असते, माग रात्रीपर्यंत चालतात. पावसाळ्यात मागणी पडते, शिवाय उघड्यावर पाजणी केलेला (खळ लावलेला) ताणा वाळत नाही. माघात घेतलेली माहिती आणि श्रावणात घेतलेली माहिती दोन वेगवेगळ्या धंद्यांची वाटावी इतका फरक पडू शकतो. भाषेचा प्रश्न तर उघडच आहे. पूर्व भागात तेलुगू, मोमीन विणकरांच्या घरी उर्दू, काही ठिकाणी कन्नड आणि बाजारात मराठी. इंग्रजीत बांधलेला प्रश्न दोन भाषांमधून प्रवास करून विणकऱ्यापर्यंत पोचतो आणि उत्तर तसेच परत येते.

याच काळात समित्याही कामाला लागल्या. पी. जे. थॉमस यांच्या अध्यक्षतेखालील तथ्यशोधन समितीने १९४२ मध्ये हातमाग आणि गिरण्या यांच्यावरचा अहवाल दिला. प्रांतोप्रांतीची माहिती जमवून तिने देशात सुमारे २० लाख हातमाग असल्याचे मांडले. समितीचे एकक होते ‘माग’. देशपातळीवरच्या धोरणाला ते योग्यच. सूत किती लागेल आणि गिरण्यांवर काय बंधन घालावे हे ठरवायला मागांची संख्या हवीच. पण माग मोजले म्हणून विणकर कळतो असे नाही. बंद पडलेला माग आणि दोन पाळ्यांत चालणारा माग यादीत सारखेच दिसतात.

गिरण्यांच्या बाबतीत मात्र एक वेगळाच कागदपत्रांचा साठा तयार झाला, तोही अभ्यासाच्या हेतूने नव्हे. जुनी गिरणी १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन हाती घेतले, पुढे त्याचा कायदा झाला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजीतलाल चौधरी यांचा अर्ज डिसेंबर १९५० मध्ये फेटाळला गेला. द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने सरकारच्या विरोधात निकाल दिला. मालमत्तेच्या हक्काचे हे खटले कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. वाणिज्याच्या अभ्यासकाने ते वाचले तर भाग, व्यवस्थापन आणि कामगारांचे हितसंबंध शपथपत्रांत मांडलेले सापडतील. अट एवढीच, की न्यायालयातला प्रत्येक कागद कोणत्या तरी पक्षाचा असतो हे विसरायचे नाही.

गाडगीळांचे सोलापूर शहरावरचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले. इथे एकक आणखी मोठे झाले: आता संपूर्ण शहर. गिरणी आणि हातमाग यांना वेगळे काढून अभ्यासण्याची सवय या अभ्यासाने मोडली. एकाच घरात एक भाऊ गिरणीत, दुसरा मागावर आणि बायको विडी वळणारी असेल, तर कोणत्याही एका धंद्याची पाहणी त्या घराचा तिसरा हिस्साच दाखवणार.

दरम्यान यंत्रमाग वाढले आणि मोजणीच अविश्वसनीय झाली. अशोक मेहता समितीने १९६४ मध्ये यंत्रमागांचा अहवाल दिला तेव्हा परवान्याविना चालणारे माग हा देशभरचा प्रश्न होता. लहान घटकांना अबकारी करात सवलत होती, म्हणून एका छपराखालचे माग कागदावर भाऊ, मेहुणा, पुतण्या यांच्या नावे वाटले जात. अशा ठिकाणी सरकारी शिक्क्याची प्रश्नावली घेऊन गेलेल्याला सोयीचेच उत्तर मिळणार. इथे मुलाखत, तीही वारंवार घेतलेली आणि सवडीची, पाहणीपेक्षा सरस ठरते. डग्लस हेन्स यांनी पश्चिम भारतातल्या छोट्या शहरांमधील भांडवलशाहीवरचे पुस्तक (२०१२) लिहिताना हेच केले. जुने अहवाल, सरकारी दप्तरे आणि विणकर-कारखानदारांच्या तोंडी आठवणी यांचा मेळ त्यांनी घातला. आठवणींत वर्षे चुकतात आणि यशस्वी घराण्यांच्याच कथा जास्त ऐकू येतात, पण पहिला यंत्रमाग कोणाच्या पैशाने आला हे दप्तरात मिळत नाही.

सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, त्यामुळे या धंद्यावर प्रबंध आणि प्रकल्प होत राहणार. छापील प्रश्नावली, सोयीने गाठलेले शंभर प्रतिसादक आणि टक्केवारीचे तक्ते हा आज वाणिज्य शाखेतला सोपा आणि म्हणून लोकप्रिय मार्ग आहे. ग्राहकाची पसंती किंवा कामगाराचे समाधान मोजायला तो चालेल. उचल, नातेवाइकांच्या नावाचे माग, घरातल्या बायकांचे श्रम हे विषय घेतले तर मात्र तो अपुरा आहे. तिथे थोडी घरे निवडावीत, वही पाहावी आणि वर्षाच्या निरनिराळ्या हंगामांत पुन्हा जावे.

मार्ग कोणताही निवडला तरी आधीच्या पाहण्या वाचूनच कामाला लागावे. जोशी आणि काकडे यांची पुस्तके गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात आहेत आणि या ग्रंथालयाने आपल्या जुन्या ग्रंथांचा मोठा संग्रह संगणकावर सर्वांना वाचण्यासाठी खुला केलेला आहे.