दुखऱ्या पायाची गाडी

गेल्या दसऱ्याला आमच्या घरात एक ठराव मंजूर झाला. ठराव असा : गॅरेजमधली स्नोमोबिल दिवाळीपर्यंत विकून टाकावी. मांडणार सौ., अनुमोदन मुलीचे (शिकागोहून, फोनवर), विरोधी मत एक. ते अर्थातच माझे.

ठरावामागे कारण होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याआधीच्या हिवाळ्यात मी चाळीस मैलांची फेरी मारून आलो तो कंबर धरूनच उतरलो. त्यात नवल नव्हते. एकाहत्तराव्या वर्षी कंबर कुणाची धरत नाही? पण उजव्या हाताचा अंगठा असा बधिर झाला होता की रात्री जेवताना मला भाकरी मोडता येईना. मी डाव्या हाताने काहीतरी खटपट करीत होतो. हिने काही न बोलता माझ्या ताटातली भाकरी मोडून दिली. ती बोलली नाही, तेव्हाच मी ओळखले की प्रकरण गंभीर आहे.

माणूस इंजिनियर असला की निर्णय पुढे ढकलायला त्याच्याकडे एक सभ्य मार्ग असतो : आधी विषयाचा अभ्यास करू, मग बघू. मी अभ्यासाला बसलो. स्नोमोबिल म्हाताऱ्या शरीराला झेपेल अशी करता येते का, एवढाच माझा प्रश्न होता. तो विचारता विचारता या गाडीचा सगळा इतिहास वाचून झाला आणि त्यात जे सापडले ते मला अगदी अनपेक्षित होते.

मिनेसोटात राहूनही आपल्यापैकी पुष्कळांनी हे वाहन लांबूनच पाहिले असेल, म्हणून दोन वाक्ये. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा, वर स्कूटरसारखी बैठक आणि हँडल. वेग वाढवायचा तो उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबून. जोवर गाडी चालते तोवर अंगठा दाबलेला. माझ्या भाकरीचे मूळ तिथे होते.

आता इतिहास. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात सेनर नावाचे लहानसे गाव आहे. तिथे कार्ल एलायसन यांचे दुकान होते. एलायसन यांच्या पायात दोष होता. त्यामुळे हिवाळ्यात मित्रांबरोबर शिकारीला निघाले की ते मागे पडत. हिमातून स्कीवर किंवा जाळीच्या बुटांनी चालणे धडधाकट पायांनाही जड जाते. १९२४ साली त्यांनी दुकानामागच्या गॅरेजात एका लांब लाकडी घसरगाडीला होडीचे अडीच अश्वशक्तीचे इंजिन बसवले, खाली फिरता पट्टा घातला आणि पुढच्या दोन स्की दोरीने वळवायची सोय केली. १९२७ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. आजच्या स्नोमोबिलची वंशावळ सांगताना या गाडीचे नाव आधी घेतात. मला ही हकीकत वाचून मोठा धीर आला. हे यंत्र दांडग्या पोरांच्या मस्तीतून जन्मलेले नाही, एका दुखऱ्या पायातून जन्मले आहे!

दुसरी हकीकत क्विबेकमधली, आणि ती सांगताना विनोद सुचत नाही. व्हॅलकूर गावचे जोझेफ-आर्मान बॉम्बार्डिए हे जन्मजात कारागीर. १९२२ च्या वर्षअखेरीस, वय अवघे पंधरा असताना, त्यांनी भावाला बरोबर घेऊन फोर्डच्या जुन्या इंजिनावर पंख्याने ढकलली जाणारी घसरगाडी चालवून दाखवली होती. तो उघडा फिरता पंखा पाहून वडिलांनी ती ताबडतोब मोडायला लावली. वडिलांचे चुकले असे कोण म्हणेल? पुढे बॉम्बार्डिए यांनी गावात गॅरेज काढले, लग्न झाले, मुले झाली. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. अपेंडिक्स फुटले होते. इस्पितळ होते, पण रस्ते हिमाखाली गाडले गेले होते आणि गॅरेजातली कुठलीच गाडी त्यावरून जाण्याजोगी नव्हती. मूल गेले.

प्रयोग त्यांचे आधीपासून चालू होते, त्यामुळे सगळे या एका घटनेतून घडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण १९३७ साली त्यांना दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि सात माणसे बसतील अशी 'बी-७' बाजारात आली. मागोमाग बारा माणसांची 'बी-१२'. गोल खिडक्यांच्या या बंद गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेले, शाळेची मुले गेली, रुग्णवाहिका म्हणूनही त्या धावल्या. आराम हा शब्द तिथे चैनीचा नव्हता. आजारी माणूस आडवा पडून इस्पितळापर्यंत पोहोचेल की नाही, असा तो प्रश्न होता.

मग १९४८ मध्ये क्विबेक सरकारने हिवाळ्यात रस्ते साफ ठेवण्याचा कायदा केला आणि कंपनीचा खप एकदम खाली आला. बॉम्बार्डिए यांनी दलदलीत आणि जंगलात चालणारी यंत्रे काढून धंदा सावरला. एकट्यादुकट्याने चालवायची हलकी गाडी हे त्यांचे जुने स्वप्न, पण तसे हलके आणि विश्वासू इंजिन मिळेना. ते १९५० च्या दशकाच्या शेवटी मिळाले आणि १९५९ साली 'स्की-डू' आली. मूळ नाव 'स्की-डॉग' ठेवायचे होते, कारण उत्तरेकडचे कुत्र्यांचे गाडे ती बदलणार होती; छपाईच्या चुकीने 'डू' झाले, असे सांगतात. पहिल्या वर्षी २२५ गाड्या खपल्या. बॉम्बार्डिए १९६४ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कर्करोगाने वारले. पुढचा पूर त्यांना पाहायला मिळाला नाही.

पूरच तो. १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळजवळ पाच लाख स्नोमोबिल खपत होत्या आणि त्या बनवणाऱ्या कंपन्या शंभरावर होत्या. मधल्या काळात १९६८ मध्ये सेंट पॉलचे विमा विकणारे गृहस्थ राल्फ प्लेस्टेड स्नोमोबिलवरून थेट उत्तर ध्रुवावर पोहोचले. पण नेमक्या याच काळात गाडी आपले मूळ विसरली असे मला वाटते. दुखऱ्या पायासाठी आणि आजारी मुलासाठी निघालेले यंत्र आता विशीतल्या पोरांचे खेळणे झाले.

त्या गाड्यांची बैठक आठवते? आठवायची असेल तर एस.टी.ची शेवटची सीट आठवा. मागच्या चाकाच्याही मागे असलेली ती लांब सीट, खड्डा आला की डोके टपाला. जुन्या स्नोमोबिलवर माणूस तसाच मागे, पट्ट्यावर बसे. पाय पुढे पसरलेले, त्यामुळे धक्का आला तर उठून गुडघ्यांवर घ्यायची सोय नाही. सगळा भार थेट मणक्यांवर. पुढच्या स्कींना ट्रकसारखे कमान-पाटे, पट्ट्याखाली लहान लहान बोगी चाके, आणि सस्पेन्शनला खाली-वर व्हायला जागा जेमतेम काही इंच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी स्नोमोबिलस्वारांचे दबलेले, चिरलेले मणके हा वैद्यकीय नियतकालिकांत लिहिण्याचा विषय केला तो उगाच नव्हे. मी १९८४ साली ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेली पहिली गाडी अशीच होती. तेव्हा मी तिशीत होतो आणि मणके असतात हे मला ठाऊक नव्हते.

ज्यांना ही गाडी खेळ म्हणून नव्हे तर रोज वापरावी लागे त्यांचे हाल वेगळे. उत्तर फिनलंडमधले सामी लोक रेनडिअरचे कळप राखतात. १९६० च्या दशकात तिथे स्नोमोबिल आली आणि दहाएक वर्षांत स्की आणि गाडे मागे पडले. गाडी, पेट्रोल, दुरुस्ती यांचा खर्च न झेपणारी कितीतरी कुटुंबे या धंद्यातून बाहेर फेकली गेली. पुढे फिनलंडच्या डॉक्टरांनी या गुराख्यांचे हात तपासले, तेव्हा हँडलच्या सततच्या थरथरीने बधिर आणि पांढरी पडणारी बोटे त्यांना दिसली. माझा अंगठा एकटा नव्हता तर! या स्थित्यंतरावर पेर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये 'द स्नोमोबिल रेव्होल्यूशन' हे पुस्तक लिहिले. आणि आता गंमत ऐका : हेच पेल्टो पुढे बरीच वर्षे आपल्या पुण्यात राहून भारतातल्या आरोग्यविषयक संशोधनाचे काम करीत होते. आर्क्टिकमधल्या गाडीचा माग काढत निघालो आणि पोहोचलो पुण्याला.

सुधारणा कुठून आली? इथे माझा अंदाज साफ चुकला. मला वाटले होते, स्वार म्हातारे होत गेले तशी कंपन्यांना दया आली असेल. तसे झालेले नाही. सुधारणा आली शर्यतींतून, म्हणजे ज्यांना मणक्यांची पर्वा नव्हती त्यांच्याकडूनच. प्रत्येक स्की स्वतंत्रपणे खाली-वर होणारे पुढचे सस्पेन्शन पोलारिस कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस शर्यतीच्या गाड्यांवर वापरले आणि १९८० पासून ते सामान्य गिऱ्हाइकांना मिळू लागले. पट्ट्याखालच्या बोगी चाकांची जागा लांब सरकत्या रुळांनी घेतली होतीच. १९९० च्या दशकात स्वाराच्या वजनाप्रमाणे जुळवता येणारी, दहा इंचांच्या आसपास हालचाल असलेली सस्पेन्शने आली.

पण खरी उडी २००३ च्या मॉडेलची. स्की-डूने 'रेव्ह' नावाच्या गाडीत स्वाराला चक्क फूटभर पुढे आणून बसवले, गाडीच्या वजनाच्या मध्याजवळ. तीही आधी उड्यांच्या शर्यतीत तरुण पोरांनी चालवून पाहिलेली. एस.टी.च्या शेवटच्या सीटवरून उठून मधल्या सीटवर बसावे, तसे हे झाले. गुडघे कमरेच्या खाली आले, पाय अंगाखाली आले, उंचवटा दिसला की खुर्चीतून उठावे इतक्या सहज उभे राहता येऊ लागले. पुढच्या काही वर्षांत इतर कंपन्यांनाही हीच वाट धरावी लागली. हवेत तीस फूट उडणाऱ्या पोराला जे लागले तेच सत्तरीच्या गुडघ्यालाही लागते, हे कुणी ठरवून केले नव्हते. हँडल वळवायला मोटारीसारखी विजेची मदत यामाहाने पहिल्यांदा दिली. त्या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर करून २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबिल बनवणेच थांबवले, याचे मला वाईट वाटते.

ज्याने मला सर्वांत जास्त बळ दिले तो माणूस मिनेसोटाचाच. पोलारिसच्या संस्थापकांपैकी एक, रोझो गावचे एडगर हेटीन. १९६० साली त्यांनी अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजाराहून अधिक मैलांचा प्रवास तीन स्नोमोबिलवर केला. जवळजवळ तीन आठवडे लागले. परत आल्यावर भागीदारांकडून शाबासकी मिळायच्या ऐवजी नाराजीच पदरी पडली. हेटीन बाहेर पडले आणि थीफ रिव्हर फॉल्सला त्यांनी जी कंपनी काढली तीच पुढे 'आर्क्टिक कॅट' झाली. चाळीस वर्षांनी, २००० साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना ते पुन्हा त्याच मार्गाने स्नोमोबिलवरून गेले, तेही एका असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी निधी गोळा करायला. त्यानंतरही ते दहा-अकरा वर्षे जगले. ही हकीकत मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवली. ही म्हणाली, "ते कंपनीचे मालक होते. त्यांची गाडी जुळवून द्यायला दहा माणसं असतील. तुमची कोण जुळवतं?"

बिनतोड प्रश्न. माझी गाडी २००९ सालची, म्हणजे बैठक नव्या पद्धतीची. तरी मला त्रास का व्हावा? ज्या दुकानातून ती घेतली तिथल्यांनी माझे वजन विचारले नव्हते आणि पुस्तिकेतली सस्पेन्शनची पाने मीही पंधरा वर्षांत उघडली नव्हती. गाडी कारखान्यातून निघाली तशीच, कुणा सरासरी दणकट अमेरिकन माणसासाठी जुळवलेली होती. मी पासष्ट किलोचा. माझ्या खाली ती स्प्रिंग दबतच नसे. मी सस्पेन्शनवर नव्हे, लाकडी पाटावर बसून फिरत होतो.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात मिनेसोटात हिम नावापुरते पडले होते. नंतर वाचनात वेळ गेला. आता हाताने काम करायचे ठरले. हँडल दोन इंच वर घेतले, म्हणजे उभे राहताना वाकावे लागत नाही (ब्रेकची नळी आणि केबल पुरतात ना, हे आधी पाहावे). जुन्या गाड्यांत दोन-तीन कार्ब्युरेटरच्या स्प्रिंगा अंगठ्याने दाबाव्या लागत, आता तितके नाही. तरी थ्रॉटलची पट्टी बदलून अंगठा आणि बोटे आलटून-पालटून वापरता येतील अशी बसवली. ती सोडताच झटकन मागे येते का, हे दहादा तपासले, कारण तिथे हयगय म्हणजे झाडावर आपटणे. स्कीखालच्या झिजलेल्या पट्ट्या बदलल्या. त्या झिजल्या की स्की आधीच्या गाड्यांच्या चरात शिरते, गाडी इकडे-तिकडे हुंदडते आणि आपण हँडलशी झोंबत राहतो. रुळाच्या पुढच्या शॉकची स्प्रिंग किंचित घट्ट केली. त्याने स्कींवरचा भार हलका होतो आणि हँडल सहज वळते. फार घट्ट केली तर मात्र वळणावर गाडी सरळच जायला बघते.

आणखी एक गोष्ट, जिला पैसे पडत नाहीत. आपल्या राज्यात सुमारे २२ हजार मैलांच्या वाटा आहेत आणि गावोगावचे क्लब रात्री यंत्र फिरवून त्या सपाट करतात. दिवसभराच्या वर्दळीने दुपारनंतर तिथे उंचवटे उठतात. म्हाताऱ्याने सकाळी निघावे आणि जेवायच्या आत घरी यावे.

राहिले मागच्या स्प्रिंगेचे माप. रिकाम्या गाडीची मागच्या बाजूची उंची मोजायची, मग स्वार बसल्यावर पुन्हा मोजायची. फरक दोन ते तीन इंच यावा, असे माझ्या पुस्तिकेत आहे. हे एकट्याने होत नाही. तेव्हा दिवाळीच्या आदल्या रविवारी मी जाड कोट, बूट, हेल्मेट, खिशात चहाचा थर्मास अशा पूर्ण वेषात गॅरेजात गाडीवर बसलो आणि हिला हाक मारली. ती शिवणकामाची टेप घेऊन आली, फरशीवर गुडघा टेकून वाकली.

"सव्वा इंच," ती म्हणाली. मी उतरून स्प्रिंग दोन खाचा सैल केली, पुन्हा बसलो.

"पावणेदोन. अजून सोडा. आणि ताठ बसा जरा, वाकून बसलात तर माप चुकेल."