दिव्याखालचे पोवळे

मंगळाची पीडा टळावी म्हणून जे लाल पोवळे आपण अंगठीत मढवून बोटात घालतो, ते मूळचे भूमध्य समुद्रातले; आणि मौज अशी की ते अंधाराचे रहिवासी आहे. पाण्याखालच्या कपारींत, गुहांच्या छताला उलटे लोंबत ते वाढते. सूर्याशी त्याचे काही देणेघेणे नाही. उष्ण समुद्रातली त्याची दूरची भावंडे मात्र निराळी. दगडी भिंती रचून ज्यांनी बेटेच्या बेटे उभारली, त्या पोवळ्यांना उजेड तुटला की ती पांढरीफटक पडतात. काचेच्या पेटीत समुद्र वसविण्याचा नाद मला स्वतःला नाही. तो माझ्या खिशाला परवडणाराही नाही. पण या नादाचा इतिहास मी हौसेने वाचीत आलो आहे. त्यातला एकच प्रश्न आज वाचकांपुढे मांडतो: दुपारच्या उन्हाशी स्पर्धा करणाऱ्या दिव्याखाली कोणते पोवळे सुखाने नांदते, आणि हे माणसाला कळले कसे?

पोवळे हा प्राणी, झाड नव्हे. मग प्राण्याला उजेड हवा कशाला? त्याच्या अंगात, पेशीपेशींतून, सूक्ष्म एकपेशी शैवले राहातात, एवढे जुन्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते. ही मंडळी तेथे करतात काय, याचा मात्र वाद होता. १९२८ साली सी. एम. यंग या तरुण इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लो आइल्स नावाच्या चिमुकल्या बेटांवर जाऊन वर्षभर राहिली. यंग यांच्या पत्नी मॅटी या तुकडीच्या डॉक्टर होत्या. तेथे त्यांनी पोवळी अंधारात कोंडून ठेवली. शैवले निघून गेली, पोवळी पांढरी पडली, पण भक्ष्य मिळत राहिले तोवर ती जगली. यावरून यंग यांनी निष्कर्ष काढला की पोवळे पक्के मांसाहारी आहे. शैवल त्याला अन्न पुरवीत नाही, फार तर त्याच्या घरची घाण काढते. पोटभाडेकरूने भाड्याऐवजी अंगण झाडून द्यावे, तसा हा प्रकार!

माणूस मोठा, प्रयोग काळजीपूर्वक केलेले. त्यामुळे हे मत पुष्कळ वर्षे टिकले. पण भाडेकरू रोख भाडे देत होता. १९५८ साली अमेरिकेत मस्कटीन आणि हँड यांनी किरणोत्सर्गी कार्बनची खूण लावून दाखविले की समुद्रफुलाच्या अंगातील शैवलांनी उजेडात तयार केलेले द्रव्य थेट यजमानाच्या शरीरात जाते. समुद्रफूल म्हणजे पोवळ्याचे सख्खे चुलतभावंडच. पुढल्याच वर्षी जमैकात गोरो यांनी किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून पाहिले, तो पोवळे अंधारापेक्षा उजेडात कित्येक पट वेगाने आपला दगडी सांगाडा रचते, असे आढळले. एवंच, प्रकाश हे पोवळ्याचे ताटातले जेवणच ठरले.

हौशी लोकांनी शास्त्रज्ञांची वाट पाहिली नव्हती. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली रीत सांगितली: समुद्रातले जिवंत खडक, समुद्राचेच पाणी, हवेचे बुडबुडे आणि ऊन. बस्स! विषुववृत्ताजवळच्या माणसाला हे सोपे. बर्लिनमध्ये हिवाळ्यात ऊन आणायचे कोठून? नळीच्या दिव्यांखाली मऊ, चामडी पोवळी कशीबशी तग धरीत. दगडी पोवळी काळवंडत आणि मरत. पुढे कारखान्यांत आणि क्रीडांगणांवर लावतात ते मेटल हॅलाइडचे दिवे, १५०, २५०, प्रसंगी ४०० वॉटचे, जर्मन हौशांनी आपल्या पेट्यांवर टांगले, आणि चित्र पालटले. १९८० नंतरच्या दशकात बर्लिनच्या डीट्रिख श्टूबर यांच्या पेटीत अ‍ॅक्रोपोरा जातीचे फांदीदार पोवळे असे फोफावले की त्याचे तुकडे तोडून इष्टमित्रांना वाटता आले. आपल्याकडे कुंडीतल्या शेवंतीची मुनवे शेजारी वाटतात ना, अगदी तसे!

तर निवड करायची कशी? माझ्या मते, नावावरून नव्हे, मूळ गावावरून. रीफच्या माथ्यावर, जेथे लाट फुटते आणि पाणी वीतभर उथळ असते, तेथे वाढलेल्या अ‍ॅक्रोपोरा, पोसिलोपोरा, मॉन्टिपोरा या जाती प्रखर दिव्याच्या खऱ्या गिऱ्हाईक. पण अ‍ॅक्रोपोराच्याच काही जाती खोल, निळ्या अंधूक पाण्यात राहातात; त्यांना त्याच दिव्याखाली ठेवले तर भाजतील. नावाने फसण्याचा कळस म्हणजे 'सन कोरल', म्हणजे सूर्यपोवळे. याचा भडक नारिंगी रंग पाहून कोणीही त्याला दिव्याखाली मांडील. प्रत्यक्षात त्याच्या अंगात एकही शैवल नसते, ते कपारीत राहाते, आणि त्याला हवे असते ते रोजचे भक्ष्य.

उजेड अन्न आहे तसा तो विषही होतो. प्रकाश गरजेपेक्षा वाढला की शैवलांच्या कारखान्यात प्राणवायूची घातक रूपे तयार होतात, आणि बेजार झालेले पोवळे भाडेकरूंना घराबाहेर काढते. पाणीही तापलेले असेल तर हे फारच लवकर घडते. १९९८ साली जगभरच्या समुद्रांत, लक्षद्वीपमध्येसुद्धा, पोवळी पांढरी पडली ती अशाच उष्ण पाण्यामुळे. मेटल हॅलाइडचा दिवा पाणीही तापवतो, हे म्हणून विसरून चालत नाही. जाणते लोक नवे पोवळे आधी पेटीच्या तळाशी ठेवतात, किंवा दिवा उंच टांगून, मध्ये जाळी धरून काही आठवड्यांनी हळूहळू उजेड वाढवितात. मग तपकिरी पोवळ्याला जांभळी, गुलाबी छटा चढू लागते: शैवलांची गर्दी विरळ होते आणि पोवळे स्वतःचे रंगद्रव्य वाढविते. त्यांपैकी काही द्रव्ये उन्हातल्या छत्रीसारखी उपयोगी पडतात.

हा सगळा खटाटोप आपल्याकडे मात्र करता येत नाही, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. २००१ पासून सर्व दगडी पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रातून ती काढणे हा गुन्हा आहे. पण आपली पोवळी पाहायला काचेची पेटी लागतेच असे नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणच्या पाण्यात ती आहेत. तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. कोकणात पाऊस नद्यांचा गाळ समुद्रात आणतो, पाणी गढूळ होते, ऊन अर्ध्या वाटेवरच अडते. म्हणून तेथे गोळ्यासारखी, पसरट, अंधूक उजेडावर भागविणारी पोवळीच मुख्यतः टिकली आहेत. बर्लिनचा तो ४०० वॉटचा दिवा त्यांच्या डोक्यावर टांगला असता तर पहिल्याच आठवड्यात ती पांढरी पडली असती.