तालीम आणि त्रिविध शर्यत

शर्यतींत पहिल्या आलेल्याचें नांव इतिहास लिहून ठेवितो. परंतु त्याच्याबरोबर रोज पहाटे उठणाऱ्या आणि तो कंटाळला असतां त्याला घरीं बसूं न देणाऱ्या सोबत्यांचीं नांवें सहसा कोणी टिपून ठेवीत नाहीं. हौशी खेळाडू घडतो कसा, हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल त्यानें ह्या अनामिक सोबत्यांकडे प्रथम पाहिलें पाहिजे.

कोयनेच्या खोऱ्यांत ह्याचें उदाहरण दूर शोधावें लागत नाहीं. महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी दक्षिणेकडे वाहत येते, आज जेथें कोयनानगर आहे त्या हेळवाकच्या परिसरांत पूर्वेस वळते आणि पाटणवरून कराडास कृष्णेला मिळते. कराडलगतच्या गोळेश्वर गांवीं १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा जाधव ह्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. तेव्हां तांबड्या मातीची ओळख घरांतच झाली.

तालीम ही केवळ व्यायामाची जागा नव्हे. तेथें वस्ताद असतो, मुरलेले मल्ल असतात आणि नवशिकीं पोरेंही असतात. मोठा मल्ल धाकट्याला अंगावर घेतो, डाव टाकूं देतो, चुकला म्हणजे पुन्हा उभा करितो. आखाड्याची माती सर्वांनीं मिळून खणावयाची, एकमेकांचें अंग रगडावयाचें, आणि जो आज आला नाहीं त्याची उद्यां चौकशी करावयाची, असा तेथील शिरस्ता. चांगली जोड मिळाल्यावांचून तयारी होत नाहीं, हें तालमींत कोणालाही सांगावें लागत नाहीं.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें खाशाबा सहावे आले. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता, तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं तर आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या वर्षीं खाशाबांनीं मिळविलेलें कांस्यपदक हें स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलें. ते परत आले तेव्हां शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकींतील कित्येकांना, ह्या पदकांत आपलाही वाटा आहे, असें वाटलें असल्यास त्यांत वावगें कांहीं नव्हतें.

कुस्तीशीं ज्याचें वरवर कांहींच नातें दिसत नाहीं अशा एका नव्या खेळाचा इतिहासही हीच गोष्ट सांगतो. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें हीं तिन्ही एकापाठोपाठ एक करावयाचीं, अशा शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. आधुनिक ट्रायथलॉनचा आरंभ २५ सप्टेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं, मिशन बे ह्या उपसागराच्या कांठीं झाला. ती शर्यत कोणा धनिकानें किंवा सरकारनें भरविली नव्हती. सॅन डिएगो ट्रॅक क्लब ह्या धांवपटूंच्या मंडळानें आपल्या सरावांत पालट म्हणून ती योजिली होती. ४६ स्पर्धकांनीं भाग घेतला. त्यांपैकीं नौदलांतील जॉन कॉलिन्स ह्यांनीं पुढें पत्नी जूडी ह्यांच्यासह हवाई बेटांत ‘आयर्नमॅन’ ही महाशर्यत सुरू केली. ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धांवणें, असें तिचें स्वरूप.

१८ फेब्रुवारी १९७८ च्या ह्या पहिल्या शर्यतींत १५ जण उतरले व १२ जणांनीं ती पुरी केली. प्रत्येकानें आपले मदतनीस आपण आणावयाचे होते. जॉन डनबार हे धांवण्याच्या टप्प्यास लागले तेव्हां सर्वांच्या पुढें होते. परंतु त्यांच्या मदतनिसांजवळचें पाणी संपलें आणि त्यांनीं पाण्याऐवजीं बिअर दिली! गॉर्डन हॅलर ह्यांनीं त्यांना मागें टाकून ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत विजय मिळविला.

पुढें नियम कडक झाले. आतां आयर्नमॅन शर्यतींत बाहेरच्या माणसाची मदत घेतां येत नाहीं, आणि दुसऱ्याच्या सायकलीमागें राहून वाऱ्याचा आडोसा घेणाऱ्यास दंड होतो. शर्यतीच्या दिवशीं माणूस एकटा! म्हणूनच सोबत्यांचें सारें कार्य त्या दिवसापूर्वीं उरकावें लागतें. उघड्या पाण्यांत एकट्यानें पोहणें जिवावर बेतणारें, म्हणून तेथें जोडीदार हवा. सायकलीवरून उतरतांच धांवूं लागलें असतां पाय लांकडासारखे होतात. ही स्थिति टिकत नाहीं, हें अनुभवी सोबत्यानें सांगितलें म्हणजे नवख्याचा धीर सुटत नाहीं. पोहण्यांत तरबेज असलेला धांवण्यांत कच्चा असतो आणि धांवणारा पाण्यांत गोंधळतो. त्यामुळें अशा मंडळांत प्रत्येकजण एका विषयांत गुरु तर दुसऱ्यांत शिष्य होतो. कचेरी, दुकान वा शाळा सांभाळून सराव करणाऱ्यास ह्याहून मोठा आधार नाहीं.

जुन्या तालमीची एक उणीव मात्र झांकूं नये. तिचें दार स्त्रियांना बहुधा बंदच असे. आयर्नमॅनच्या पहिल्या शर्यतींतही सारे पुरुषच होते. परंतु दुसऱ्याच वर्षीं लिन लेमेअर ह्या स्त्रीनें ती पुरी करून पांचवा क्रमांक मिळविला. सातारा जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर ह्यांनीं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरींत धांवून दहावें स्थान मिळविलें. ह्यापुढील तालमीचें दार दोघांनाही उघडें असलें पाहिजे.

२००० सालीं सिडनी येथें ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्यें आलें. साताऱ्यांत २०१२ पासून डोंगरवाटेवरील अर्धमॅरेथॉन सुरू झाली, आणि २० ऑक्टोबर २०१९ रोजीं पणजीस मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची शर्यत झाली. कोयनानगरच्या तरुणांजवळ घाटाचा चढ आणि कराडकडे जाणारा रस्ता आहेच. धरणाचा जलाशय मात्र सरावाचा तलाव नव्हे. पोहणें जाणत्याच्या देखरेखीखालीं, सुरक्षित जागींच शिकावें. पावसाळ्यांत तेथें कोसळणाऱ्या धारांत एकट्याचा निश्चय चार दिवसांत विरतो. दाराशीं येऊन हांक मारणारे चौघे असले, तर तोच निश्चय वर्षभर टिकतो. महागडी सायकल मागाहूनही घेतां येईल. आधीं ते चौघे जमविले पाहिजेत.