घरगुती उपायांनी मोटारीचा वातरोध किती घटतो?

मध्य प्रदेशातील इंदूर हे होळकरांचे शहर मराठी वाचकांस अपरिचित नाही. या शहराजवळ, धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ ही राष्ट्रीय वाहनचाचणी संस्था आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान चाचणीमार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. चार मार्गिकांचा आणि सोळा मीटर रुंदीचा हा मार्ग आशियातील सर्वांत लांब चाचणीमार्ग म्हणून त्या वेळी जाहीर करण्यात आला. वाहनाचा कमाल वेग, वळणावरील स्थैर्य आणि स्थिर वेगातील इंधनाचा खप यांचे मोजमाप येथे केले जाते.

इंधनाच्या खपाचा प्रश्न सामान्य वाहनधारकालाही सतावतो. मोटारीच्या पुढील जाळीवर पुठ्ठा लावणे, चाकांवर सपाट झाकणे बसवणे, तळाला प्लॅस्टिकचा पत्रा जोडणे असे घरगुती उपाय जगभर केले जातात. त्यांमागील शास्त्र खरे आहे. मात्र त्यांतून मिळणारा लाभ वेगावर अवलंबून असतो आणि तो मोजणे वाटते तितके सोपे नसते.

वेग आणि वातरोध

धावत्या मोटारीला प्रामुख्याने दोन अवरोध सोसावे लागतात. पहिला टायर आणि रस्ता यांच्यातील. तो वेगानुसार फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा, म्हणजे वातरोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की वातरोध चौपट होतो.

एक हजार किलो वजनाच्या सर्वसाधारण छोट्या मोटारीचा हिशेब केला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला टायरचा अवरोध सुमारे १२० न्यूटन आणि हवेचा सुमारे ५० न्यूटन येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला टायरचा अवरोध तेवढाच राहतो, हवेचा मात्र २०० न्यूटनच्या पुढे जातो. घरगुती उपायांनी वातरोध दहा टक्क्यांनी कमी झाला असे गृहीत धरले, तरी एकूण अवरोधातील घट ताशी ८० किलोमीटरला सुमारे सहा टक्के, तर ४० किलोमीटरला तीन टक्केच भरते. इंजिनातील अंतर्गत घर्षण या उपायांनी कमी होत नसल्यामुळे इंधनातील बचत त्याहूनही थोडी असते. पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या शहरी वाहतुकीत, जेथे मोटार थांबत थांबत चालते, तेथे ती जवळजवळ जाणवत नाही.

पत्र्याच्या खोक्यापासून मिळालेला धडा

आकार बदलून वातरोध घटवण्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर ‘नासा’च्या कॅलिफोर्नियातील ड्रायडन केंद्रातील अभियंत्यांनी एका जुन्या मालवाहू व्हॅनला ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवून तिला चौकोनी खोक्याचे रूप दिले. नंतर तिच्या कडा टप्प्याटप्प्याने गोलाकार केल्या. कडा गोलाकार होताच वातरोध निम्म्याहून अधिक घटला. पुढे तळ झाकून आणि मागील बाजू निमुळती करूनही प्रयोग झाले.

या निष्कर्षाचा अर्थ नीट घ्यावा लागतो. मूळ आकार खोक्यासारखा असल्यामुळेच तेथे एवढी सुधारणा शक्य झाली. आजच्या मोटारींचा आकार कारखान्यातच वातविवरात तपासून ठरवलेला असतो. त्यामुळे घरी करण्याजोगे फारसे उरत नाही. जे उरते ते मुख्यतः तळाचा ओबडधोबड भाग, चाके आणि मागील टोक येथे असते.

मोजमाप कसे करावे?

चाचणीमार्गावर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे मोटार ठराविक वेगाला नेऊन गिअर न्यूट्रलमध्ये टाकणे आणि वेग कमी होण्यास किती वेळ लागतो ते पाहणे. ‘नासा’च्या व्हॅनचा वातरोधही याच पद्धतीने मोजला गेला. वर उल्लेखिलेल्या मोटारीचा वेग ताशी ८० वरून ७० किलोमीटरवर येण्यास सुमारे ९.३ सेकंद लागतात. वातरोध दहा टक्क्यांनी घटल्यास हाच वेळ सुमारे ९.९ सेकंद होतो. संपूर्ण सुधारणा जेमतेम अर्ध्या सेकंदात सामावते.

रस्त्याला पाचशे मीटरमागे अवघा एक मीटर उतार असला, तरी या संपूर्ण सुधारणेइतका फरक पडतो. वारा मागून असला तरी तेच. म्हणूनच अशा चाचण्या सपाट मार्गावर, वारा मंद असताना आणि दोन्ही दिशांनी अनेकदा घेऊन सरासरी काढली जाते. सार्वजनिक रस्त्यावर, विशेषतः अनमोड किंवा चोर्ला घाटात, न्यूट्रलमध्ये मोटार सोडण्याचा प्रयोग कोणीही करू नये. उतारावर इंजिनाचा आधार सुटला की सारा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केल्यास ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारे साहाय्यही जाते.

सामान्य वाहनधारकासाठी टाकी पूर्ण भरून हिशेब ठेवण्याची पद्धत योग्य. परंतु पंपावर टाकी प्रत्येक वेळी नेमकी तेवढीच भरत नाही. दहा लिटर इंधनाच्या हिशेबात अर्ध्या लिटरची चूक म्हणजे पाच टक्के. जो लाभ शोधायचा, त्याहून ही चूक मोठी. पस्तीस लिटरच्या हिशेबात हीच चूक दीड टक्क्यापर्यंत खाली येते. म्हणून उपाय करण्यापूर्वी, केल्यावर आणि तो काढून टाकल्यावर अशा तीन टप्प्यांत, त्याच मार्गावर, प्रत्येकी किमान दोन-तीन पूर्ण टाक्यांची नोंद ठेवावी. उपाय काढल्यावर आकडा पूर्वपदावर आला नाही, तर फरकाचे कारण अन्य काही असावे.

धोके आणि कायदा

पुढील जाळी झाकल्यास रेडिएटर आणि वातानुकूलन यंत्रणेच्या कंडेन्सरकडे जाणारी हवा अडते. थंड हवेच्या देशांत चालून जाणारा हा उपाय गोव्याच्या उन्हाळ्यात इंजिन तापवू शकतो. चाके पूर्ण झाकल्यास ब्रेकची उष्णता बाहेर पडत नाही आणि घाट उतरताना ब्रेकची पकड ढिली पडण्याचा धोका वाढतो. तळाला लावलेले प्लॅस्टिक सायलेन्सरच्या नळीजवळ आल्यास वितळते अथवा पेटते. वेगात सुटलेला पत्रा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनुसार असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाहनाच्या पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डनाही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये याच कलमाच्या आधारे मज्जाव केला होता. त्यामुळे मोटारीच्या अंगाला कायमचा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

आधी काय करावे?

नवे काही जोडण्याआधी अनावश्यक ते उतरवावे. टपावरील मोठी, बोजड पेटी महामार्गावरील मायलेज ६ ते १७ टक्क्यांनी घटवू शकते, असे अमेरिकी सरकारची इंधनविषयक माहिती सांगते. प्रवास संपताच कॅरियर आणि पेटी काढून ठेवण्यास खर्च येत नाही. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी ठेवल्यास दुसरा अवरोधही आटोक्यात राहतो.

त्यानंतर वेग. ताशी ८० ऐवजी ७० किलोमीटर वेगाने गेल्यास वातरोध सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. वर गृहीत धरलेल्या घरगुती सुधारणेच्या दुपटीहून ही घट अधिक आहे. साठ किलोमीटरच्या प्रवासात त्यासाठी सहा-सात मिनिटे जास्त मोजावी लागतात.