जुन्या ध्वनिमुद्रिका आणि श्रुतींचा पुरावा

किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले. सांगलीच्या कृ. ब. देवल यांच्या श्रुतिविषयक प्रयोगांना त्यांच्या गायनाचे साहाय्य लाभले. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका सातारा-सांगलीतील संग्राहकास इतिहासाची साधने ठरतात आणि घरच्या यंत्रसंचाचा कोणता घटक आधी सुधारावा, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

मिनिटास ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी वाढली, तर गती सुमारे १.२८ टक्क्यांनी वाढते. ८१:८० या प्रमाणश्रुतीचे अंतर १.२५ टक्के आहे. गती सतत सारखीच चुकली, तर फक्त गायकाची पट्टी बदलते. ती डळमळली, तर स्वरांमधील अंतरेच बिघडतात. म्हणून स्थिर आणि नियंत्रित गतीचा टर्नटेबल प्रथम घ्यावा. त्यानंतर सुई: लाखेच्या तबकडीच्या रुंद खाचेस सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, तर १९४८ मध्ये आलेल्या एल. पी. तबकडीस सुमारे २५. ॲम्प्लिफायर व स्पीकर यांचा क्रम शेवटचा. आधी हरवलेला पुरावा ते परत आणू शकत नाहीत.